थुंब्याच्या आकाशातील केशरी मेघ : डॉ. विक्रम साराभाई

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा मी प्रथम आपल्या शाळेचे स्थापनावर्ष डोळ्यांपुढे आणले. जून १९६३ मध्ये शाळेचा पहिला वर्ग भरला. त्याच वर्षी, २१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून अवकाश संशोधनासाठी भारतातला पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. आपली शाळा आणि भारताचा अवकाश कार्यक्रम अशी दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत.

वडोदऱ्यात साराभाई हे नाव नवे नाही. आमच्या पिढीला ते ऐकताच औषधांचा कारखाना आठवतो. आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील आणि आजोबा तेथे नोकरीला होते. आजच्या मुलांना विचारले, तर ती चंद्रावर उतरलेल्या विक्रम यानाचे नाव सांगतात. कारखाना आणि चांद्रयान यांच्या मधला माणूस मात्र हळूहळू पुसट होत चालला आहे. त्याच्याविषयी लिहिताना त्या पहिल्या अग्निबाणाने नेमके काय केले हेही सांगावे, असे मी ठरवले. कारण बहुतेक पुस्तके अग्निबाण उडाला एवढे सांगून थांबतात.

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. आठ भावंडांचे हे घर श्रीमंत होते, पण त्या घराचे वेगळेपण श्रीमंतीत नव्हते. विक्रम जन्मण्याच्या आदल्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला. त्यात मालकांच्या बाजूला अंबालाल होते आणि कामगारांच्या बाजूला, गांधीजींसमवेत, त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. संप मिटला, भाऊबहिणीचा स्नेह मात्र तुटला नाही. मतभेद म्हणजे वैर नव्हे, हे ज्या घरातील मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही, अशा घरात विक्रम वाढले.

मुलांना बाहेरच्या शाळेत न घालता सरलादेवींनी घरीच, मॉन्टेसोरी पद्धतीच्या विचाराने, शाळा चालवली. तेथे देशी आणि विलायती शिक्षक होते, बाग होती आणि हत्यारांनी सज्ज अशी कार्यशाळाही होती. कुमारवयात विक्रमांनी वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. शिक्षकी पेशातल्या माणसाने येथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हटली पाहिजे : आठ मुलांसाठी एवढे शिक्षक ठेवणे कोणत्याही सरकारी वा अनुदानित शाळेला कधी जमणार नाही. तेव्हा साराभाईंच्या बालपणाचा आदर्श आपल्यापुढे ठेवताना जरा जपूनच ठेवावा. घेण्यासारखे आहे ते इतकेच, की त्या घरात मुलाच्या हाती खरी हत्यारे दिली जात आणि ती मोडली तरी काढून घेतली जात नसत. पुढे हा मुलगा मोठा होऊन पंचविशीतील तरुणांच्या हाती अग्निबाण देणार होता.

गुजरात कॉलेजातील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले आणि १९४० मध्ये निसर्गविज्ञानातील ट्रायपॉस उत्तीर्ण झाले. तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते. मायदेशी परतून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास आरंभला. होमी भाभाही तेव्हा तेथेच होते. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून अखंड येणारा सूक्ष्म कणांचा वर्षाव. तो डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. गणकयंत्र लावून रात्रंदिवस त्याची मोजदाद करीत बसावे लागते. साराभाईंनी ती बंगळूरला केली आणि पुढे काश्मीरच्या उंच डोंगरांवरही केली. किरणांच्या संख्येत दिवसाच्या प्रहरांप्रमाणे होणारे बारीक चढउतार त्यांना सूर्याविषयी आणि सूर्य व पृथ्वी यांच्या मधल्या अवकाशाविषयी काही सांगू पाहत होते. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवरील प्रबंधासाठी १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

दरम्यान १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चले जाव आंदोलनाचे ते दिवस. साराभाई कुटुंबातील मंडळी त्यात गुंतलेली असल्याने वरपक्षाकडून कोणी मद्रासच्या त्या लग्नाला जाऊ शकले नाही.

स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी साराभाई अठ्ठावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तिचा पसारा आरंभी महात्मा गांधी विज्ञान संस्थेतील काही खोल्यांत मावत होता. संचालक म्हणून त्यांनी भारतीय हवामान खात्यात आयुष्य घालवलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रामनाथन यांना बोलावले. स्वतः संस्थापक असूनही प्रमुखपद आपल्याहून वडीलधाऱ्या आणि जाणत्या माणसाकडे सोपवणे, हा या गृहस्थाचा एक मोठा गुण होता. एकाच छपराखाली दोन वाटा सुरू झाल्या : रामनाथन वरच्या हवेचा अभ्यास करीत, साराभाई विश्वकिरणांचा. थुंब्याचा प्रयोग या दोन वाटांच्या संगमातूनच पुढे आला.

मधल्या काळातील त्यांच्या संस्थांची नुसती यादी दिली, तरी पाने भरतील. कापडगिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा ही संस्था त्यांनी उभारली, तेव्हा तेथे नेमलेल्या बहुतेक तरुण शास्त्रज्ञांनी गिरणीत कधी काम केले नव्हते. मृणालिनीबेन यांच्यासह दर्पण ही नृत्यसंस्था, १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, येथे वडोदऱ्यात औषधांच्या व्यवसायाची धुरा आणि ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप. या सर्वांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आता थुंब्याकडे वळते.

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. जमिनीवर बसून सूर्याचा वेध घेणाऱ्या साराभाईंना आता उपकरणे वर पाठवण्याची शक्यता दिसू लागली. होमी भाभा यांच्या अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली १९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. समितीचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. अग्निबाण सोडण्यासाठी जागा शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि केरळचा किनारा पायाखाली घालून त्यांनी थुंबा निवडले.

थुंबाच का? भूगोलाच्या तासाला आपण जे विषुववृत्त शिकवतो, त्याखेरीज पृथ्वीला एक चुंबकीय विषुववृत्तही आहे. या रेषेवर लोंबती ठेवलेली चुंबकसूची अगदी आडवी राहते. ही रेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून, थुंब्याच्या परिसरातून जाते. त्या रेषेच्या डोक्यावर, सुमारे शंभर ते एकशे दहा किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रचंड प्रवाह पूर्वेकडे वाहत असतो. त्याचा पट्टा अरुंद असतो, पण त्याचा जोर इतका, की जमिनीवरील चुंबकमापकही त्याने हलतात. हा प्रवाह निर्माण होतो तो मुख्यतः तेथील वाऱ्यांमुळे. विद्युत्‌भारित हवा वाऱ्याबरोबर चुंबकीय क्षेत्रातून ओढली जाते आणि जनित्रात वीज निर्माण व्हावी तशी तेथे निर्माण होते. म्हणजे प्रवाह समजायचा तर आधी वारा समजला पाहिजे.

आणि अडचण नेमकी येथेच होती. शंभर किलोमीटर उंचीवरचा वारा मोजायचा कसा? संशोधनाचे फुगे पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. उपग्रह त्या उंचीवर टिकत नाही; विरळ असली तरी तेथील हवा त्याला खाली खेचते. तेथे फक्त अग्निबाण पोहोचतो, तोही काही मिनिटांपुरता. शिवाय पोहोचला तरी वेगाने जाणाऱ्या त्या नळकांड्याला आजूबाजूचा वारा कसा कळणार? नदीच्या प्रवाहाची दिशा पाहण्यासाठी आपण पाण्यात पान सोडतो. तसे हवेत काही तरी सोडायला हवे होते, जे वाऱ्याबरोबर वाहील आणि खालून दिसेल.

हे काम सोडियमने केले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर मीठ टाकले, की ज्योत झगझगीत पिवळी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिले आहे. मिठातील सोडियमचा तो रंग. आमच्या लहानपणी रस्त्यांवर जे पिवळे दिवे असत, ते सोडियमचेच. आता पांढऱ्या दिव्यांनी त्यांना हुसकावले आहे. सोडियमच्या अणूंवर सूर्यप्रकाश पडला, तर त्यातील नेमका तोच पिवळा रंग ते शोषतात आणि तत्क्षणी चारही दिशांना परत फेकतात. म्हणून अगदी थोडी वाफदेखील फार दुरून दिसते. अग्निबाणाच्या टोकात सोडियम आणि थर्माइट नावाचे पेटणारे मिश्रण भरतात. ठरलेल्या उंचीवर मिश्रण पेटले, की सोडियमची वाफ होते आणि अग्निबाणाच्या मागे आकाशात तिची रेघ उमटत जाते.

पण हा प्रयोग भर दुपारी करता येत नाही. निळ्या आकाशाच्या उजेडात ती रेघ हरवेल. मध्यरात्रीही करता येत नाही, कारण मग वाफेवर ऊन पडत नाही. तो करायचा संधिप्रकाशात : जमिनीवर अंधारून आलेले असते, आकाश काळवंडू लागलेले असते, पण ऐंशी किलोमीटरच्या वर अजून सूर्य मावळलेला नसतो. घटकाभराची ती वेळ साधावी लागते, आणि आकाश निरभ्र असावे लागते. दूरदूरच्या ठिकाणी ठेवलेले कॅमेरे एकाच क्षणी त्या मेघाची छायाचित्रे घेतात. दोन ठिकाणांहून दिसणारे कोन माहीत असले, की मेघाच्या प्रत्येक भागाचे स्थान काढता येते. नववीच्या वर्गातली त्रिकोणमिती येथे उपयोगी पडते. पुढल्या मिनिटाला तो भाग किती सरकला यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा मिळते. हे वारे सेकंदाला शंभर मीटरच्या घरात, म्हणजे तासाला साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने वाहतात, आणि काही किलोमीटर उंचीच्या फरकाने त्यांची दिशा उलटीही होते. म्हणून सरळ सोडलेली रेघ पाहता पाहता वेडीवाकडी होते.

सोडियमची ही कल्पना डेव्हिड बेट्स या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडली आणि १९५५ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या आकाशात ती प्रथम अजमावली गेली. फ्रान्सचे झाक ब्लामाँ यांनी १९५९ मध्ये सहारा वाळवंटातील हम्मागीर येथून असे मेघ सोडले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. सुमारे शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या खाली मेघ घुसळल्यासारखा होतो, त्यात गाठी आणि भोवरे दिसतात. त्याच्या वर मात्र तो गुळगुळीत राहून संथपणे पसरत जातो. म्हणजे आपल्या वातावरणाचे ढवळणे एका उंचीवर थांबते. खालची हवा रवीने घुसळलेल्या ताकासारखी एकजीव. वर गेल्यावर जड आणि हलके वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात. ही सीमा कोणत्याही तराजूने वा नळीने दाखवली नसती. ती एका रंगीत मेघाने दाखवली.

ब्लामाँ थुंब्याला आले ते हाच सोडियमचा पेटारा घेऊन. अग्निबाण अमेरिकेचा, नायके-अपाची नावाचा, दोन टप्प्यांचा, रडार फ्रान्सचे, पुढे संगणक आणि हेलिकॉप्टर सोव्हिएत संघाचे. अमेरिका आणि रशिया एकमेकींकडे बंदुका रोखून उभ्या असतानाच्या काळात साराभाईंनी दोघींनाही एका मासेमारीच्या गावात आणून बसवले. हे विज्ञानाहून कमी अवघड नव्हते. भारताचे स्वतःचे असे काय होते? जागा होती, माणसे होती आणि चुंबकीय विषुववृत्त होते. त्यातील शेवटची गोष्ट बाकीच्यांजवळ नव्हती, आणि साराभाईंनी तिचे मोल ओळखले.

माणसांविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या तुकडीत अब्दुल कलाम होते, अरवमुदन होते, आणि पुण्यात जन्मलेले, आपल्या वडोदऱ्यात शिकलेले प्रमोद काळे होते. बहुतेक विशी-तिशीतले. त्यांना काही महिने अमेरिकेत प्रशिक्षणासाठी पाठवले गेले आणि परत आल्यावर ते थुंब्याच्या वाळूत कामाला लागले. प्रयोगाची वैज्ञानिक बाजू अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील प्रफुल्ल भावसार पाहत होते. थुंब्यात तेव्हा राहायला धड जागा नव्हती, जेवायला त्रिवेंद्रमपर्यंत जावे लागे. कार्यालय होते गावच्या चर्चशेजारी बिशपच्या घरात, आणि अग्निबाणाची जुळणी होई ती चर्चमध्ये. पुढे काही वर्षांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँ या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराने येथील छायाचित्रे घेतली. सायकलच्या कॅरियरवर अग्निबाणाचे नाक ठेवून निघालेल्या माणसांचे ते छायाचित्र सर्वांना परिचित आहे. ते पाहून आपल्याला कौतुक वाटते, क्वचित हसूही येते. त्या माणसांना मात्र ते फक्त कामाच्या ठिकाणी जाणे होते.

चर्चची हकीकत आपण मुलांना सर्वधर्मसमभावाची गोष्ट म्हणून सांगतो. ती खरीच तशी आहे. सेंट मेरी मॅग्डलीन या नावाचे ते जुने देवालय आणि भोवतालची वस्ती संशोधनासाठी हवी होती. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले; बिशपनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे ही मागणी ठेवली आणि लोकांनी संमती दिली. कलाम ही आठवण वारंवार सांगत. पण तिच्यात आणखी एक बाजू आहे, ती आपण मुलांना सहसा सांगत नाही. ज्या कुटुंबांनी होकार दिला, त्यांनी समुद्राकाठचे आपले घर आणि आपल्या वाडवडिलांची पूजेची जागा सोडली. त्यांच्यासाठी शेजारी नवी घरे आणि नवे चर्च उभारले गेले, हे खरे. तरी घर सोडणे ते सोडणेच. देशाच्या अवकाश कार्यक्रमाला पहिली देणगी ना अमेरिकेने दिली, ना फ्रान्सने. ती थुंब्याच्या कोळ्यांनी दिली. त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर वाचल्याचे मला आठवत नाही.

२१ नोव्हेंबरची संध्याकाळ. अग्निबाण प्रक्षेपकावर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेला गळती लागली आणि तो एका बाजूस कलू लागला. संधिप्रकाश कोणासाठी थांबत नाही. क्रेन दुरुस्त करीत बसले असते, तर ती संध्याकाळ हातची गेली असती. तेव्हा त्या तरुणांनी खांदे लावून अग्निबाण हातांनी जागेवर बसवला. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी, सहा वाजून पंचवीस मिनिटांनी, तो सुटला. थोड्याच वेळात पश्चिम समुद्रावर, तारे उगवू लागलेल्या आकाशात, केशरी रंगाची एक रेघ उमटली आणि हळूहळू विस्कटत, वळत, पसरत गेली. केरळच्या किनाऱ्यावर आणि शेजारच्या तमिळ मुलखात ती लोकांनी घरच्या अंगणातून पाहिली. कोणत्याही राष्ट्राचा अवकाश कार्यक्रम इतक्या उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला असेल असे वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि जगभरच्या वृत्तपत्रांची पाने त्या वार्तेने भरून गेली.

ते वर्ष कसे होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. चीनशी झालेल्या युद्धाला पुरते वर्ष लोटले होते. अमेरिकेच्या गव्हाची जहाजे बंदरांत लागत होती. अशा देशाने आकाशात रंग उधळण्यासाठी पैसा खर्च करावा का, असा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात येत होता. तो प्रश्न खुळचट नव्हता. त्या काळी मी कळत्या वयाची असते, तर मीही तो विचारला असता. साराभाईंनी त्याला टाळले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत उतरण्याचे स्वप्न त्यांनी देशाला दाखवले नाही. खेड्यातल्या शाळेपर्यंत उपग्रहावरून शिक्षण पोहोचावे, शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज मिळावा, वादळाची सूचना किनाऱ्याला वेळेवर कळावी, ही त्यांची उद्दिष्टे होती. आणि ती साधायची तर ज्यांना अवकाश कळते अशी माणसे आधी देशात तयार व्हायला हवीत, यासाठी त्यांनी वरच्या हवेतील वाऱ्यासारखा, वरकरणी निरुपयोगी वाटणारा, पण थोड्या खर्चात अव्वल दर्जाचे विज्ञान देणारा विषय निवडला. सोडियमच्या मेघाने भारताला वाऱ्याचे आकडे दिले, पण त्याहून अधिक म्हणजे ते आकडे काढणारी माणसे दिली.

थुंब्याहून पुढील वर्षांत संधिप्रकाशात पुष्कळ मेघ सोडले गेले. १९६८ च्या सुमारास जर्मनीच्या मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांसह बेरियमचे प्रयोग झाले. बेरियमची गंमत अशी, की उन्हात त्याचे काही अणू विद्युत्‌भारित होतात. मग एका मेघाचे दोन मेघ होतात : एक साध्या अणूंचा, तो वाऱ्याबरोबर जातो, दुसरा भारित अणूंचा, जांभळट, तो चुंबकीय रेषांना धरून लांबतो आणि तेथील विद्युत् क्षेत्राप्रमाणे सरकतो. वारा आणि वीज, दोन्ही एकाच आकाशात शेजारी शेजारी दिसतात. रात्रीच्या अंधारातही आपोआप उजळणारे ट्रायमिथाइल अॅल्युमिनियम हे द्रव्य जगात इतरत्र वापरले जाऊ लागले आणि संधिप्रकाशाची अट सैल झाली.

त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९६८ रोजी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी थुंब्याचे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. त्याआधीच, नोव्हेंबर १९६७ मध्ये, भारतात घडवलेला रोहिणी मालिकेतील पहिला छोटा अग्निबाण उडाला होता. तो जेमतेम पंचाहत्तर मिलिमीटर व्यासाचा, दिवाळीतल्या बाणाचा थोरला भाऊ म्हणावा एवढाच. पण तो आपला होता. इंग्लंडातून परतलेले कोल्हापूरचे वसंत गोवारीकर थुंब्यात घन इंधनाच्या कामाला लागले ते याच सुमारास.

जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. त्यांच्या चरित्रातील हा भाग वाचताना मला नेहमी अस्वस्थ वाटते. अणुऊर्जा मुंबईत, अवकाश थुंब्यात, प्रयोगशाळा अहमदाबादेत, शिवाय दिल्लीच्या फेऱ्या आणि परदेशातील परिषदा. दिवस प्रवासात आणि बैठका रात्री. १९६९ च्या ऑगस्टमध्ये इस्रोची स्थापना झाली, सप्टेंबरमध्ये दूरचित्रवाणीच्या प्रयोगासाठी अमेरिकेशी करार झाला. एका माणसावर इतके ओझे टाकणे हे त्या माणसाच्या मोठेपणाचे लक्षण मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते व्यवस्थेच्या दुबळेपणाचे लक्षण वाटते. ज्यांनी देशाला व्यवस्थापनशास्त्राची संस्था दिली, त्यांनी स्वतःच्या दिवसाचे व्यवस्थापन मात्र कधी केले नाही.

डिसेंबर १९७१ च्या अखेरीस ते थुंब्याच्या कामासाठी केरळात होते. ३० डिसेंबरला, थुंब्यापासून फार दूर नसलेल्या कोवळम येथे, झोपेतच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते. या लेखिकेच्या आजच्या वयाहून कमी.

त्यांच्या हयातीत भारताचा एकही उपग्रह आकाशात गेला नाही. आर्यभट १९७५ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर, आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत अमेरिकेच्या उपग्रहावरून शिक्षणाचे आणि शेतीचे कार्यक्रम दाखवले गेले. ज्या खेड्यांत वर्तमानपत्रही पोहोचत नव्हते, तेथील शाळेच्या ओट्यावर मुले दूरचित्रवाणीसमोर बसली. त्या प्रकल्पाचे व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, ज्यांनी थुंब्याची जागा शोधली होती. आपल्या गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे त्यासाठी छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले गेले.

थुंब्याच्या केंद्राला आता साराभाईंचे नाव आहे. चर्चची इमारत जशीच्या तशी ठेवून तेथे अवकाश संग्रहालय केले आहे, आणि शाळांच्या सहली ते पाहायला जातात. बाहेर कोळ्यांच्या होड्या पूर्वीसारख्याच वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, आणि तेथून छोटे अग्निबाण अजूनही सुटतात, वरच्या हवेची मोजदाद करण्यासाठी.